‘सेवेशी संबंध नाही’ : एका सरकारी शेऱ्याचा इतिहास

गणेशोत्सवाच्या दिवसांत रात्री मूर्तीपाशी कोणीतरी जागे राहावे लागते. आपल्या मंडळात हे काम गेली काही वर्षे एक हवालदारकाका न सांगता स्वतःकडे घेतात. काका सातारा जिल्ह्यातले. २४ वर्षे लष्करात नोकरी करून २०११ साली निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीमुळे कोरमंगलात येऊन राहिले. इथल्याच एका कंपनीत ते सुरक्षारक्षकांचे सुपरवायझर आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्या रात्री माझी पाळी त्यांच्याबरोबर होती. आरती, प्रसाद, पावतीपुस्तकांचा हिशोब सगळे आटोपल्यावर गप्पा निघाल्या आणि पहाटे तीनच्या सुमारास काकांनी पिशवीतून एक जुने पत्र काढून माझ्या हातात दिले.

पत्र जेमतेम पाच ओळींचे होते. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने तपासले, उच्च रक्तदाब आढळला, विकलांगता ३० टक्के, तीही आयुष्यभरासाठी. परंतु या आजाराचा लष्करी सेवेशी संबंध नाही, तो सेवेमुळे वाढलेलाही नाही, सबब विकलांगता पेन्शन मंजूर करता येत नाही. मान्य नसल्यास सहा महिन्यांत अपील करावे. नेहमीची सेवा पेन्शन काकांना मिळत होतीच. नाकारला गेला होता तो विकलांगतेचा वेगळा भाग.

‘‘मग अपील केलंत का?’’ मी विचारले.

‘‘डॉक्टरसाहेबांनीच लिहिलंय म्हटल्यावर आपण काय बोलणार?’’ काका म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘पैशाचं जाऊ द्या हो. पण सेवेशी संबंध नाही म्हणजे काय? मी आजार घेऊनच भरती झालो व्हय? भरतीला तर डॉक्टरनं दात मोजून घेतले होते!’’

वाचकहो, मी सॉफ्टवेअरमधला माणूस. कायद्याशी माझा संबंध घरभाड्याच्या करारापुरता. पण काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे वर्षभर सवड मिळेल तसे नियम आणि न्यायालयांचे निकाल वाचले. तेव्हा ध्यानात आले की काकांनी त्या रात्री अगदी साध्या शब्दांत जो प्रश्न विचारला, त्याच प्रश्नावर देशात अनेक वर्षे वाद चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी काकांच्या बाजूने लागलेले आहे. फक्त काकांना ते कोणी सांगितले नव्हते. तो इतिहास स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू.

शेरा कसा तयार होतो

आपल्यापैकी बहुतेकांना लष्कर दिसते ते इनर रिंग रोडने डोमलूरकडे जाताना, रस्त्याच्या कडेच्या भिंतींवरून. त्या भागात लष्कराच्या पुरवठा दलाचे केंद्र आहे, पुढे जुन्या विमानतळ रस्त्यावर हवाई दलाचे कमांड हॉस्पिटल आहे. मद्रास सॅपर्स आणि मिलिटरी पोलीस यांची केंद्रेही याच शहरात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. तेव्हा निवृत्त सैनिक हा आपल्या वस्तीतला परका माणूस नव्हे. कोणाचे सासरे, कोणाचे मामा, कोणाच्या इमारतीचे वॉचमन अशा रूपाने तो आपल्यातच असतो.

जवान भरती होताना त्याची कसून वैद्यकीय तपासणी होते. नोकरीत असतानाही त्याची वैद्यकीय श्रेणी ठरलेली असते. मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे या पाच अंगांनी ती ठरते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘शेप’ म्हणतात. आजारपणामुळे श्रेणी खाली आली आणि जवान निवृत्त झाला किंवा त्याला मुदतीआधी घरी पाठवले, तर जाताना वैद्यकीय मंडळ बसते. हे मंडळ मुख्यतः तीन प्रश्नांची उत्तरे लिहिते. आजार कोणता? त्याने किती टक्के विकलांगता आली? आणि तिसरा प्रश्न, ज्यावर सगळे अडते : हा आजार सेवेमुळे झाला का, किंवा आधीचा असला तरी सेवेमुळे वाढला का?

१९६१ च्या लष्करी पेन्शन नियमावलीतील १७३ क्रमांकाच्या नियमानुसार विकलांगता २० टक्के किंवा जास्त असावी लागते आणि ती सेवेमुळे झालेली अथवा सेवेमुळे बळावलेली असावी लागते. या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर विकलांगतेचा भाग मिळतो. तिसऱ्या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिले गेले, की टक्के कितीही असोत, दावा फेटाळला जातो. म्हणजे एका रकान्यातल्या एका शब्दावर माणसाचा उरलेल्या आयुष्याचा हक्क अवलंबून असतो.

दिसणारी जखम, न दिसणारा आजार

असा वाद मुळात का होतो, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिक हजारोंनी परदेशी लढले आणि अनेक जण हात, पाय, डोळे गमावून परतले. त्यांना हाताला काम शिकवण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. ती आज पुण्याजवळ खडकीला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७४ साली खडकीतच, कमरेखाली शरीर लुळे पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. विकलांग सैनिकाची काळजी घेण्याच्या इतिहासात महाराष्ट्राचे नाव असे ठिकठिकाणी येते.

आणि नाव घ्यायचे तर मुरलीकांत पेटकरांचे घेतले पाहिजे. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या विकलांगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यावरचा चित्रपट अनेकांनी अलीकडे पाहिला असेल.

सांगायचा मुद्दा असा, की गोळीची जखम दिसते. तिचा सेवेशी संबंध आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. पण रक्तदाब, मधुमेह, फिट्स, मनाचे आजार, कानाची बधिरता, हृदयविकार हे दिसत नाहीत. ते गोळीसारखे एका तारखेला येत नाहीत. बर्फात काढलेले हिवाळे, मोडलेली झोप, घरच्या काळजीची पत्रे, वर्षानुवर्षांचा ताण यांतून ते हळूहळू अंगात मुरतात. शिवाय हे आजार सैन्यात न गेलेल्यांनाही होतात. आपल्या कंपन्यांमधल्या तिशीतल्या मुलांनाही होतात! मग लष्करी डॉक्टरला लिहिणे सोपे जाते की हा आजार ‘शरीरप्रकृतीचा’ आहे, सेवेचा नव्हे. डॉक्टरचे म्हणणे प्रत्येक वेळी चुकीचे असते असे नाही. प्रश्न वेगळाच आहे. खात्रीने सांगता येत नसेल तेव्हा शंकेचा फायदा कोणाला द्यायचा?

सिद्ध कोणी करायचे?

हा प्रश्न आपल्याआधी इंग्लंडमध्ये विचारला गेला. तिथे आजारी होऊन परतलेल्या सैनिकाला पूर्वी स्वतःच दाखवून द्यावे लागे की आजार युद्धसेवेमुळे झाला. आता विचार करा, खंदकात राहिलेल्या शिपायाने आपल्या छातीच्या विकाराचा पुरावा कुठून आणायचा? दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ साली, हा भार सैनिकाच्या अंगावरून उचलून सरकारवर टाकण्यात आला आणि त्याच वर्षी पेन्शनच्या अपिलांसाठी न्यायाधिकरणांचा कायदा झाला. पुढे जगप्रसिद्ध झालेले न्यायाधीश डेनिंग यांच्यापुढे या न्यायाधिकरणांची अपिले येत. ‘वाजवी शंकेपलीकडे’ म्हणजे नेमके किती, आणि ‘शक्यतेचे पारडे’ म्हणजे काय, याची कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवली जाणारी व्याख्या त्यांनी १९४७ साली अशाच एका पेन्शनच्या दाव्यात, मिलर नावाच्या खटल्यात केली. सैनिकाच्या पेन्शनच्या भांडणातून कायद्याला केवढे मोठे तत्त्व मिळाले पाहा.

आपल्याकडे १९८२ साली पेन्शनच्या हक्कासंबंधीचे जे नियम झाले, त्यांची भाषाही याच वळणाची होती. त्यांचा सारांश असा. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही, तो भरती होताना निरोगी होता असे धरावे. पुढे प्रकृती बिघडून त्याला घरी जावे लागले, तर ती सेवेमुळे बिघडली असे मानावे. दावेदाराला सिद्ध करायला सांगू नये. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यावा. भरतीच्या तपासणीत हा आजार सापडणेच शक्य नव्हते असे डॉक्टरांना वाटत असेल, तर त्यांनी तसे म्हणावे, पण कारणे लिहून म्हणावे.

काकांचा प्रश्न आठवा. ‘मी आजार घेऊनच भरती झालो व्हय?’ तो नियमातच होता, आणि नियमाचे उत्तर होते, ‘नाही, कारणासहित दाखवल्याशिवाय तसे म्हणता येणार नाही.’

मग घोडे कुठे अडले? अंमलबजावणीत. मंडळाचे डॉक्टर छापील रकान्यात ‘नाही’ लिहीत. कारणांच्या जागी ‘शरीरप्रकृतीचा आजार’ किंवा ‘शांततेच्या ठाण्यावर उद्भवला’ एवढेच असे. पेन्शन मंजूर करणारे कार्यालय म्हणे, डॉक्टरांनी नाही म्हटले आहे, आम्ही काय करणार? अपील समिती पुन्हा तोच अभिप्राय पाही. सगळ्यांच्या सह्या पडत, पण ‘का?’ हा प्रश्न कोणीच विचारत नसे. आणि जवान? ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे ऐकत आपण सारेच वाढलो. सैनिकाला तर वरच्या अधिकाऱ्याचे लिहिलेले प्रमाण मानायची सवय. तो पत्र ट्रंकेत ठेवून देई.

धरमवीर सिंग यांची १९ वर्षे

पण काही जणांनी ते ट्रंकेत ठेवले नाही. त्यांपैकी धरमवीर सिंग यांचे नाव आज या विषयातल्या बहुतेक प्रत्येक अर्जात असते. १९८५ च्या जूनमध्ये ते लष्कराच्या सिग्नल्स दलात भरती झाले. भरतीच्या वेळी ते धडधाकट होते. साधारण नऊ वर्षे नोकरी झाल्यावर, एप्रिल १९९४ पासून, फिट्स येतात म्हणून त्यांना घरी पाठवण्यात आले. विकलांगता २० टक्के. शेरा ठरलेलाच होता : शरीरप्रकृतीचा आजार, सेवेशी संबंध नाही. पेन्शन नाकारली गेली.

त्या काळी सैनिकांसाठी वेगळे न्यायाधिकरण नव्हते. उच्च न्यायालयात रिट अर्ज करणे हाच मार्ग होता. धरमवीर सिंग हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात गेले. २००४ साली एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केले, आणि २००९ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. हातात आलेली पेन्शन गेली. मग सर्वोच्च न्यायालय. २ जुलै २०१३ रोजी तिथे निकाल लागला तो त्यांच्या बाजूने. नऊ वर्षांच्या नोकरीचे पेन्शन मिळवायला १९ वर्षे लागली!

या निकालात न्यायालयाने नवा कायदा केला नाही. असलेले नियम एकापुढे एक ठेवून वाचले, इतकेच. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही. नोंद का नाही, किंवा आजार तेव्हा का सापडला नसता, याचे एकही कारण मंडळाने दिलेले नाही. पेन्शन देणाऱ्या अधिकाऱ्यानेही कारण नसलेला अभिप्राय डोळे मिटून स्वीकारला. तेव्हा नियमाप्रमाणे आजार सेवेत झाला असेच मानावे लागेल, आणि नाही असे म्हणायचे तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. डॉक्टरांच्या मताला मान आहे, पण विनाकारण मताला नाही, हे या निकालाचे सार. कारण नसलेला शेरा म्हणजे निदान नव्हे, तो फक्त नकार असतो.

न्यायाधिकरण आले

धरमवीर सिंग यांचा खटला चालू असतानाच एक मोठा बदल झाला. २००७ साली संसदेने सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा केला आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते या न्यायाधिकरणाचे उद्‌घाटन झाले. मुख्य पीठ दिल्लीला, बाकीची देशभर. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी मुंबईचे पीठ आहे, आणि आपल्या कर्नाटकासाठी कोचीचे. इथे न्यायमूर्तींच्या जोडीला एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी सदस्य म्हणून बसतो. बर्फातली पोस्ट म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर निकालांची रांग लागली. २०१४ साली सुखविंदर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी न नोंदलेला आजार नंतर झाला असेच मानायला हवे. २०१५ च्या फेब्रुवारीत राजबीर सिंग आणि इतर जवानांविरुद्ध सरकारने केलेली अपिले फेटाळली गेली. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या खटल्यात टक्केवारीचा प्रश्न सुटला. टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याची सवलत १९९६ पासून होती, म्हणजे ५० च्या आतले ५०, त्यापुढे ७५ पर्यंतचे ७५ आणि त्यावरचे १०० धरायचे. पण ती आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच दिली जाई. नोकरीची मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली पाहिजे, हे या निकालाने पक्के झाले.

हिशोबाने सांगतो, म्हणजे कळेल. १०० टक्के विकलांगतेला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम विकलांगतेचा भाग म्हणून मिळते. समजा शेवटचा पगार महिना २०,००० रुपये होता. तर १०० टक्क्यांना ६,००० रुपये, ३० टक्क्यांना १,८०० आणि ३० चे ५० धरले की ३,००० रुपये, शिवाय त्यावर महागाईची वाढ. आपल्यातल्या काहींचे महिन्याचे कॉफीचे बिल तेवढे होत असेल. पण गावाकडच्या घरात त्या पैशात दोघांची औषधे येतात.

सरकारनेही काही विचार केला नाही असे नाही. तेव्हाचे संरक्षणमंत्री, आपल्या गोव्याचे मनोहर पर्रीकर, यांनी २०१५ साली पाच जणांची तज्ज्ञ समिती नेमली. आपल्याच सैनिकांविरुद्ध मंत्रालयाला इतके खटले का लढावे लागतात, हे शोधायचे काम तिला दिले होते. कारगिलमध्ये जायबंदी झालेला एक अधिकारीही समितीत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल आला. ज्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला आहे, त्यावर पुन्हा पुन्हा विकलांग सैनिकाला कोर्टात ओढू नये, आणि शांततेच्या ठाण्यावरही लष्करी जीवनाचा ताण असतो हे मान्य करावे, असा त्याचा रोख होता.

दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की आता फक्त अर्ज करायचा आणि पेन्शन घ्यायची. तसे नाही, आणि हे सांगितले नाही तर लेख अपुरा राहील.

२०१९ साली नरसिंग यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जवानाविरुद्ध निकाल दिला. आजार मनाचा होता. असा आजार भरतीच्या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, म्हणून केवळ नोंद नाही एवढ्यावरून तो सेवेमुळेच झाला असे धरता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. रजेवर असताना झालेल्या अपघातांचे दावेही सेवेशी काही नाते दाखवता न आल्यामुळे फेटाळले गेले आहेत. म्हणजे प्रत्येक दावा त्याच्या कागदांवर उभा राहतो किंवा पडतो.

नियमही बदलत गेले. २००८ च्या नियमांत दावेदाराला सर्वसाधारणपणे सिद्ध करायला सांगू नये हे तत्त्व राहिले, पण एक अट आली. निवृत्तीनंतर १५ वर्षे उलटून दावा केला आणि तोवर सरकारी कागद मुदतीप्रमाणे नष्ट झाले, तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम लागू झाले. त्यांत नावेही बदलली आणि जीवनशैलीशी जोडल्या जाणाऱ्या आजारांबाबत ते अधिक कडक आहेत. सरकारी तिजोरी सर्वांची आहे, ज्याला गरज नाही त्याने हा लाभ लाटू नये, ही सरकारची बाजूही समजण्यासारखी आहे. तेव्हा आपला माणूस कोणत्या वर्षी निवृत्त झाला आणि त्याला कोणते नियम लागू आहेत, हे आधी पाहावे लागते.

फेटाळल्याचे पत्र घरात असेल तर

मी वकील नाही. तरीही वर्षभराच्या वाचनातून काकांसाठी जो क्रम लिहून काढला, तो इथे देतो. कोणाच्या सासऱ्यांच्या, मामांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे कागद. फेटाळल्याचे पत्र, निवृत्तीचे पुस्तक, दवाखान्यात दाखल असतानाचे कागद आणि मुख्य म्हणजे वैद्यकीय मंडळाचा पूर्ण अहवाल. अनेकांकडे पत्र असते, अहवाल नसतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून तो आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे मागता येतो. अहवाल हाती आला की तीन गोष्टी पाहाव्यात : भरतीच्या वेळी आजाराची नोंद होती का, आजार सुरू झाला त्याआधी आणि तेव्हा माणूस कोणकोणत्या ठाण्यांवर होता, आणि ‘नाही’ या शब्दापुढे मंडळाने कारण दिले आहे का.

दुसरी गोष्ट अपील. पहिले अपील पत्रानंतर सहा महिन्यांत करायचे असते. ते फेटाळले तर दुसरे, त्यालाही तेवढीच मुदत. मुदत गेली असेल तर उशिराचे कारण लिहून तो माफ करण्याची विनंती करता येते. अपिलात रडगाणे नको. भरतीची तारीख, ठाणी, आजाराची पहिली नोंद आणि मंडळाने न दिलेले कारण, एवढे मुद्द्याचे लिहावे. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण इथे कायद्यातच आहे. अपिलावर सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे जाता येते. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात रिट करता येणार नाही असे २०१५ साली ठरले होते, पण २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग पुन्हा मोकळा केला.

तिसरी गोष्ट वेळ. १९८३ साली घरी पाठवलेले तरसेम सिंग विकलांगता पेन्शनसाठी १९९९ साली न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले, की पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून उशीर झाला तरी हक्क मरत नाही. पण मागची थकबाकी मात्र अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल. सोळा वर्षांपैकी तेरा वर्षांचे पैसे ट्रंकेतच राहिले म्हणायचे. सर्वसाधारणपणे हाच हिशोब धरून चालावे. उशीर दाव्याला मारत नाही, पण खात राहतो.

चौथी गोष्ट, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन यावे. अर्ज कसा करायचा, कोणाकडे पाठवायचा, हे तिथे विचारता येते. दलालाला टक्केवारी देण्याची गरज नाही.

असो. काकांचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. माहिती अधिकारात अहवाल मागवला. तो आला त्या संध्याकाळी काका, काकू आणि मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तो वाचला. भरतीच्या पानावर प्रत्येक रकान्यात ‘निरोगी’. पुढे त्यांच्या पोस्टिंगची यादी, त्यात उंच डोंगरातली दोन ठाणी. रक्तदाबाची पहिली नोंद दुसऱ्या ठाण्यावरून परत आल्यावरची. आणि शेवटच्या रकान्यात तोच शब्द, त्यापुढे कारणाची जागा जवळजवळ कोरी. काकांनी चष्मा काढून ते भरतीचे पान दोनदा वाचले आणि काकूंना म्हणाले, ‘‘बघ, इथं लिहिलंय. निरोगी म्हणून.’’

उशिराच्या माफीसह अपील गेले आहे. निर्णय अजून यायचा आहे, आणि तो काय येईल हे मी सांगू शकत नाही. पण त्या संध्याकाळी काकांच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते पैशाचे नव्हते. चौदा वर्षे हा माणूस मनात धरून बसला होता की सरकारने आपल्याला खोटे ठरवले. ते तसे नव्हते. कोणीतरी एक रकाना न विचार करता भरला होता, आणि त्याला ‘का?’ विचारण्याचा अधिकार काकांना पहिल्या दिवसापासून होता.

विद्या आणि बुद्धी यांची देवता आपण दहा दिवस मांडवात बसवतो. आपण इथे शिकून आलेली, इंग्रजी वाचणारी, कागदपत्रांची सवय असलेली माणसे. आपल्या इमारतीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या एखाद्या निवृत्त जवानाला एकदा विचारून पाहा, ‘‘काका, तुमच्या ट्रंकेत असे काही पत्र आहे का?’’ असले तर एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसून ते वाचा. एवढे जरी आपल्या मंडळाकडून झाले, तरी बाप्पाची सेवा घडली असे मी म्हणेन.

यंदाही दुसऱ्या रात्रीची राखण काकांकडेच आहे. चहा घेऊन जरूर या.

गणपती बाप्पा मोरया!